ते लेकरू मुद्दाम नाही करत

आजचा विषय जरा लाजेचा वाटेल, पण तो पुष्कळ घरांत आहे. मुलांचं पोट महिनोन्महिने साफ न होणं.

दिवाळीनंतरची गोष्ट. गटाची बैठक संपली, सगळ्या उठल्या, एक ताई मात्र मागे राहिली. म्हणाली, "पोरगं सात वर्षांचं झालं, तरी चड्डी खराब करून येतं. शाळेत पोरं चिडवतात. काल मी त्याला फार मारलं गं." आणि रडायला लागली. मी विचारलं, "शी रोज होते का?" म्हणाली, "चार-चार दिवस नाही. झाली की खड्यासारखी."

आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेलं. पोट तपासून ते म्हणाले, "याला मारू नका. शी कधी बाहेर येते हे त्याला कळतच नाही."

असं का होतं? एकदा कधीतरी कडक शी होते, दुखतं. मूल घाबरतं आणि पुढच्या वेळी शी धरून ठेवतं. पाय आवळून, टाचा उंच करून कोपऱ्यात उभं राहतं. आपल्याला वाटतं ते जोर करतंय, पण ते रोखत असतं. शी जितकी आत राहते, तितकं आतडं तिच्यातलं पाणी शोषतं. ती आणखी कडक होते, आणखी दुखते. असं फार दिवस चाललं की आतड्याचा शेवटचा भाग ताणून सैल पडतो आणि शी आल्याची जाणीव कमी होते. मग साचलेल्या खड्याच्या कडेने पातळ शी झिरपते. पुष्कळ आया त्याला जुलाब समजून जुलाब थांबवायचं औषध देतात. त्याने दुखणं वाढतं.

साचलेलं आधी डॉक्टरांच्या औषधाने मोकळं करावं लागतं. एरंडेल पाजणं, साबणाची कांडी घालणं, हे घरी करू नका. त्यानंतर शी मऊ ठेवणारं औषध काही महिने चालतं. ते शीत पाणी धरून ठेवतं. चार दिवस बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. कर्जाचा हप्ता चुकवल्यासारखं होतं, मागचं सगळं पुन्हा अंगावर येतं.

बाकीचं काम घरातल्या सवयीचं आहे.

जेवल्यावर आतड्याची हालचाल वाढते. म्हणून सकाळच्या न्याहारीनंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत मुलाला पाच ते दहा मिनिटं बसवा. शी झाली नाही तरी रागवू नका. बसला याचंच कौतुक करा. उकिडवं बसणं चांगलं. घरी कमोड असेल तर पायाखाली पाट द्या. लहान मूल भोकाला घाबरत असेल तर हात धरून जवळ थांबा.

खाण्यात ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी-मुगाची उसळ, पालेभाजी, पेरू, पपई असू द्या. सकाळी नुसता चहा-खारी आणि दुपारी पाकिटातला खाऊ, याने पोट भरतं पण साफ होत नाही. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर नको. दप्तरात पाण्याची बाटली द्या, आणि संध्याकाळी ती रिकामी आली का ते बघा.

गटाच्या बचतीसारखी एक वही ठेवा. कोणत्या दिवशी शी झाली, कडक की मऊ, चड्डी खराब झाली का. डॉक्टरांना ती फार उपयोगी पडते.

शीत रक्त, हिरवी उलटी, फुगलेलं पोट, ताप किंवा घटणारं वजन दिसलं तर वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा. जन्मल्यापासूनच शीचा त्रास असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणीला येतं. त्यांनाही मोकळेपणी सांगा.

आणखी एक. या मुलाला शाळेत शी आली तरी तो जात नव्हता, कारण संडासात पाणी नव्हतं. पुष्कळ मुलं याच कारणाने दिवसभर धरून ठेवतात. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या बाया असाव्यात, असं शिक्षण हक्काचा कायदा सांगतो. मग हा विषय तिथे आपणच मांडायचा. आमच्या गटाने मांडला. आता संडासाबाहेर भरलेली टाकी आणि साबण असतो.

त्या मुलाचं औषध अजून चालू आहे. मधूनच एखादा दिवस चुकतो. पण जेवण झालं की तो स्वतःहून बसतो. आणि चुकलं तर आई चड्डी बदलते, पाठीवरून हात फिरवते. तिचा हात आता उगारला जात नाही.

तुमच्या घरात, शेजारी असं मूल असेल तर आजच त्याच्या आईशी बोला.