पावती आपली, घड्याळ कुणाचं?

नवऱ्याच्या वाढदिवसाला छानसं घड्याळ द्यावं, असं आपल्यापैकी किती जणींच्या मनात असतं! योको ओनो यांनी तेच केलं. ऑक्टोबर १९८० मध्ये त्यांचे पती, बीटल्सचे गायक जॉन लेनन, चाळीस वर्षांचे झाले. तेव्हा योकोंनी त्यांना पाटेक फिलिपचं सोन्याचं घड्याळ दिलं. मागे स्वतःचं नाव न् तारीख कोरून घेतली. जेमतेम दोन महिन्यांनी, ८ डिसेंबरला, लेनन यांचा खून झाला.

पुढे ते घड्याळ चोरीला गेलं. फिरत फिरत जर्मनीत पोचलं आणि २०१४ मध्ये एका इटालियन संग्राहकाने रीतसर पैसे मोजून घेतलं. किंमत काढायला त्याने ते जिनिव्हात दिलं, तेव्हा बिंग फुटलं. खटला वर्षानुवर्षं चालला. अखेर २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, घड्याळ योकोंचंच!

तुम्ही म्हणाल, त्या बिचाऱ्या गिऱ्हाइकाचा काय दोष? दोष नाही हो. पण जे मुळात आपलं नाही, ते चोर दुसऱ्याला देणार कसं? आपल्याकडेही १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम २७ साधारण हेच सांगतं. मध्ये चार प्रामाणिक हात झाले, तरी चोरीच्या मालाची मालकी मूळ मालकाचीच.

मग घेणाऱ्याला शिक्षा होते का? खरोखर नकळत घेतलं असेल, तर नाही. माल चोरीचा आहे हे ठाऊक असताना, किंवा तसं मानायला कारण असताना, अप्रामाणिकपणे घेणं हा मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. लाखाचं घड्याळ दहा हजारांत घेतल्यावर "मला काय माहीत?" हे कुणाला पटणार?

आपले पैसे विकणाऱ्याकडून मागता येतात. पण तो सापडला तर! चोर दोषी ठरला आणि अटकेच्या वेळी त्याच्याजवळ पैसे मिळाले असतील, तर माल मालकाला परत केल्यावर त्यातून आपल्याला रक्कम देण्याचा हुकूम कोर्ट करू शकतं. चोराच्या हातची लंगोटी म्हणायची!

तेव्हा ओळखीतून, स्वस्तात, जावयासाठी म्हणून भारी घड्याळ घेताना एवढं पाहाच:

१. मूळ बिल आणि वॉरंटी कार्ड मागा. त्यावरचा नंबर घड्याळाशी ताडून बघा.

२. विकणाऱ्याचं नाव-पत्ता घालून पक्की पावती घ्या. पैसे बँकेमार्फत द्या.

३. शंका आली तर कंपनीच्या अधिकृत दुकानात दाखवा.

४. घेतल्यावर संशय आला, तर गुपचूप दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका. सरळ पोलिसांकडे जा.

आणि घरातल्या घड्याळाचा नंबर हिशेबाच्या वहीत आजच लिहून ठेवा, बिल जपा. भांड्यांवर आपण हौसेने नावं घालतोच की. मग घड्याळाच्या पाठीवर का नको?