सुटे भाग चोख, तरी यंत्र का अडते?



ज्यांच्या घरातले कोणी उद्यमबागेत कामाला आहे, त्यांना हा प्रश्न नवा वाटणार नाही. फौंड्रीतून कास्टिंग येते, मशिनिंग होते आणि मग तपासनीस त्याला गेज लावून पाहतो. 'गो' बाजू आत गेली आणि 'नो-गो' बाजू अडली, की जॉब पास. पण तेवढ्यावर कोणताही जबाबदार कारखानदार पंप गिऱ्हाइकाकडे पाठवीत नाही. तो सगळे भाग जुळवतो, आत दाबाने पाणी किंवा तेल सोडतो आणि कोठे गळते का ते पाहतो. कारण बॉडी मापात असते, झाकण मापात असते, गॅस्केटही बरोबर असते, तरीही तिन्ही एकत्र बसवल्यावर थेंब झिरपू शकतो. अशा वेळी दोष भागात सापडत नाही, तो जोडात सापडतो.

संगणकाच्या सॉफ्टवेअरचीही अशीच दुहेरी तपासणी करावी लागते. एकेक भाग वेगळा तपासणे म्हणजे युनिट टेस्टिंग. सगळे भाग जोडून, प्रत्यक्ष चालवून पाहणे म्हणजे इंटिग्रेशन टेस्टिंग. या दुसरीला आपण 'जोडचाचणी' म्हणूया. संगणकाच्या अगदी पायातील सॉफ्टवेअरसाठी ती का महत्त्वाची आहे आणि कशी करतात, याची ही थोडक्यात ओळख.

पाया म्हणजे काय?

संगणकाचे बटण दाबले की आधी चिपमध्ये साठवलेला एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. तो मेमरी, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत ना ते पाहतो आणि ऑपरेटिंग सिस्टीमला हाक मारतो. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. कोणत्या प्रोग्रॅमला किती मेमरी द्यायची, प्रोसेसर कोणाला किती वेळ वापरू द्यायचा, हे कर्नल ठरवतो. प्रिंटर, माऊस, डिस्क यांच्याशी बोलण्यासाठी त्याला दुभाषे लागतात. त्यांना ड्रायव्हर म्हणतात.

चित्र काढण्याचा प्रोग्रॅम बिघडला तर तेवढाच बंद पडतो, बाकी काम चालू राहते. घराची एखादी खिडकी मोडली तर राहणे थांबत नाही. पण कर्नलमध्ये किंवा त्याच्याबरोबर चालणाऱ्या ड्रायव्हरमध्ये चूक झाली, तर पायाच खचतो आणि सगळा संगणक थांबतो. विंडोजवर दिसणारा निळा पडदा हे त्याचेच लक्षण.

एकविसावा खण

पाया खचला की काय होते, ते शुक्रवार, 19 जुलै 2024 रोजी साऱ्या जगाने पाहिले. संगणकांना विषाणू आणि घुसखोरांपासून वाचवणारे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने आपल्याकडे सकाळचे पावणेदहा वाजण्याच्या सुमारास एक छोटी फाईल आपल्या ग्राहकांच्या संगणकांवर पाठवली. काही वेळातच विमानतळ, बँका, रुग्णालये आणि दूरचित्रवाणी केंद्रांतले संगणक निळे पडून बंद होऊ लागले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे 85 लाख संगणक बाधित झाले. आपल्या देशात काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीने 78 मिनिटांत ती फाईल मागे घेतली. पण बंद पडलेला संगणक नवी फाईल घेणार तरी कशी? त्यामुळे बहुतेक ठिकाणी माणसाने एकेका यंत्रासमोर बसून बिघडलेली फाईल काढून टाकावी लागली.

कारण ऐकाल तर थक्क व्हाल. सॉफ्टवेअरच्या एका भागात लिहिले होते की माहितीचे 21 रकाने येतील. ती माहिती पुरवणारा दुसरा भाग 20 च रकाने देत होता. कपाटाला खण वीस आणि यादीत मात्र एकविसाव्या खणाचा उल्लेख, असा हा प्रकार. चाचण्या झाल्या होत्या, पण एकविसाव्या रकान्यात नेहमी 'काहीही चालेल' अशी खूण असे, म्हणून तो खण उघडून पाहण्याची वेळच आली नव्हती. त्या दिवशीच्या फाईलने पहिल्यांदाच तिथली माहिती मागितली. प्रोग्रॅमने मेमरीत नसलेल्या जागी हात घातला आणि तो कर्नलबरोबर चालत असल्यामुळे सगळा संगणक कोसळला.

पडलेल्याची हकीकत कोण लिहिणार?

एरवी प्रोग्रॅम बिघडला की त्याची नोंद ऑपरेटिंग सिस्टीम ठेवते. पण ती स्वतःच कोसळली तर नोंद कोण ठेवणार? पायातील सॉफ्टवेअर तपासण्यातली खरी अडचण हीच आहे. म्हणून नोंद ठेवणारा बाहेर उभा करावा लागतो. त्यासाठी अभियंते पुढील उपाय योजतात.

पहिला उपाय नकली संगणकाचा. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने 2003 मध्ये क्यूईएमयू नावाचे सॉफ्टवेअर जगापुढे आणले. ते संगणकाच्या आत दुसरा काल्पनिक संगणक उभा करते. त्यात नवा कर्नल चालवायचा. तो कोसळला तर बाहेरचा संगणक शाबूत राहतो आणि कोसळण्यापूर्वीचे शेवटचे निरोप टिपून ठेवतो. अशी चाचणी रात्रभर शेकडो वेळा आपोआप घेता येते.

दुसरा उपाय खऱ्या यंत्राचा. नकली यंत्रात खऱ्या तारा नसतात, तापणारी चिप नसते. म्हणून टेबलावर खरे बोर्ड मांडतात आणि प्रत्येकाला केबलने दुसरा संगणक जोडतात. बोर्डवरचा कर्नल काय बोलतो ते तो संगणक लिहून घेतो. ठरलेल्या वेळात 'मी सुरू झालो' असा निरोप आला नाही, तर रिलेने वीज तोडून बोर्ड पुन्हा चालू करतो आणि वहीत 'नापास' लिहितो.

तिसरा उपाय मुद्दाम त्रास देण्याचा. मेमरी मागितली की 'नाही' म्हणायचे, डिस्कवर लिहिणे चालू असताना वीज तोडायची आणि पुन्हा सुरू झाल्यावर फाईल जागेवर आहे का ते पाहायचे. ज्यांच्या गावात लोडशेडिंग होऊन गेले आहे, त्यांना या चाचणीचे मोल वेगळे सांगायला नको.

चौथा उपाय गणिताचा. फिनलंडमधील लिनस टॉरव्हॉल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 मध्ये लिनक्स हा कर्नल सुरू केला. आज त्याची नवी आवृत्ती साधारण नऊ ते दहा आठवड्यांनी निघते आणि प्रत्येक आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात. जोडचाचणी नापास झाली तर दोषी बदल शोधायचा कसा? बदलांची रांग मधोमध तोडायची आणि तिथपर्यंतचे बदल घेऊन चाचणी करायची. पास झाली तर दोष पुढच्या अर्ध्यात, नापास झाली तर मागच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करायचे. 1,024 बदलांतला एक शोधायला फक्त 10 चाचण्या पुरतात, दहा हजारांतला शोधायला 14. वरच्या वर्गातील मुलांनी याचा ताळा करून पाहावा.

मंगळावरचा घोळ

काही दोष वेळेच्या गणितात दडलेले असतात. अमेरिकेचे पाथफाइंडर यान 4 जुलै 1997 रोजी मंगळावर उतरले. काही दिवसांनी त्याचा संगणक अधूनमधून आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. त्यात एक काम तातडीचे होते, एक मध्यम आणि एक कमी महत्त्वाचे. कमी महत्त्वाच्या कामाने एका सामाईक माहितीला कुलूप लावले आणि तेवढ्यात मध्यम काम आडवे आले. किल्ली अडकली आणि तातडीचे काम दाराशी ताटकळत राहिले. यानातील पहारेकरी घड्याळाने 'गडबड आहे' असे समजून संगणक पुन्हा सुरू केला. तिन्ही कामे आपापल्या जागी ठीक होती, चुकला होता तो त्यांचा मेळ.

पृथ्वीवर ठेवलेल्या तशाच संगणकावर अभियंत्यांनी तोच प्रसंग पुन्हा घडवून आणला, दोष पकडला आणि दुरुस्ती मंगळावर पाठवली. असा बिघाड यान निघण्यापूर्वीही क्वचित दिसला होता, पण तो पुन्हा घडवता आला नव्हता. म्हणूनच 'एकदाच झाले, सोडून द्या' हे वाक्य तपासणाऱ्याने कधी म्हणू नये.

आपण काय घ्यावे?

उद्यमबागेत 1979 पासून गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी उभे आहे. आपल्यातील काही जण उद्या तेथे किंवा अन्यत्र संगणक शिकतील. क्यूईएमयू आणि लिनक्स दोन्ही विनामूल्य मिळतात. शिक्षकांच्या देखरेखीखाली नकली संगणक उभा करून त्यात कर्नल सुरू होताना पाहता येईल. तो मोडला तरी प्रयोगशाळेतील यंत्राला धक्का लागत नाही.

पालक आणि विश्वस्त मंडळींसाठीही यात एक व्यवहारी धडा आहे. शाळेच्या किंवा दुकानाच्या सगळ्या संगणकांवर नवे सॉफ्टवेअर एकाच दिवशी चढवू नये. आधी महत्त्वाच्या फाईलींची प्रत काढावी, मग एका संगणकावर बदल करून दोन-चार दिवस नेहमीचे काम करून पाहावे, प्रिंटर चालतो का, मराठी टंकलेखन होते का ते बघावे आणि मगच बाकीच्यांना हात लावावा. परीक्षेच्या आठवड्यात तर असा बदल मुळीच करू नये. 2024 च्या त्या शुक्रवारनंतर क्राउडस्ट्राइकनेही आपल्या फाईली टप्प्याटप्प्याने पाठवण्याची पद्धत स्वीकारली.

पंप गळला नाही, तर दाब देऊन पाहणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही. सॉफ्टवेअर तपासणाऱ्याचेही तसेच असते. त्या कामाला लागणारा वेळ आणि पैसा वाया गेला असे मात्र कोणी समजू नये.