चढाई एकट्याची, बोली वर्षाची

धान खळ्यावर आले, दिवाळी सरली की झाडीपट्टीत मंडयांचे दिवस सुरू होतात. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या केशोरीच्या परिसरातही नाटकांचे मांडव पडतात, कबड्डीची मैदाने आखली जातात. मैदानाभोवती जमलेल्या पोरांना आता प्रो कबड्डीतल्या खेळाडूंचे भाव ठाऊक असतात. ते आकडे खरेच असतात. पण लिलावातली बोली म्हणजे जन्मभराची कमाई नव्हे, हे त्या पोरांना कोण सांगणार?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई हे याचे बोलके उदाहरण. हुंदळेवाडीच्या शेतकरी घरातला हा उंचापुरा चढाईपटू. 2018 साली यू मुंबाने त्याला 36 लाख 40 हजारांना घेतले. पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे 218 गुण मिळवले आणि प्रेक्षकांनी त्याला ‘बाहुबली’ करून टाकले. 2019 च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी 1 कोटी 45 लाख मोजले. त्या मोसमातली ती सर्वांत मोठी बोली होती. पुढच्या हंगामात मात्र खांदा दुखावला आणि मोजक्या सामन्यांनंतर त्याला बाहेर बसावे लागले. 2022 च्या लिलावात बोली फारशी चढली नाही. तो खचला नाही. 2023 मध्ये हरियाणा स्टीलर्सने त्याला पुन्हा 1 कोटीला घेतले. पाच वर्षांत एवढे चढउतार! खेळाडू तोच, बाजार मात्र दर लिलावाला नवा.

असे का व्हावे? कॅनडातल्या फुटबॉलकडे पाहिले तर थोडा उलगडा होतो. तिथे क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा मेंदू. चेंडू त्याच्या हाती, डाव त्याच्या डोक्यात. वॉरन मून हा त्यातला मोठा खेळाडू. 1978 मध्ये हा कृष्णवर्णीय खेळाडू कॅनडात एडमंटनला गेला; अमेरिकेतल्या एकाही संघाने त्याची निवड केली नाही. 1978 ते 1982 सलग पाच वर्षे त्याच्या संघाने ग्रे कप जिंकला. 1984 मध्ये अमेरिकेने त्याला सन्मानाने बोलावले आणि वयाच्या 44 व्या वर्षापर्यंत तो खेळला. पण त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असत. आपल्या चढाईपटूपुढे कुणीच नसते. एका श्वासात, तीस सेकंदांत, सात जणांच्या अंगणात त्याला एकट्याने जायचे असते. घोटा, गुडघा, खांदा यांतले काय कधी सापडेल, याचा नेम नसतो.

2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू होण्यापूर्वी कबड्डीपटूचे स्वप्न लहान होते. रेल्वे, पोलीस किंवा बँकेतली नोकरी मिळाली की आयुष्य मार्गी लागले, असे मानत. त्यात झगमगाट नव्हता. पण गुडघा गेला तरी चूल पेटत होती. आज झगमगाट आला म्हणून ती वाट सोडणे शहाणपणाचे नाही. राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. मात्र त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेतले यश लागते आणि क्रीडा खात्याकडून प्रमाणपत्राची पडताळणी होते. मंडईत जिंकलेली ढाल तिथे चालत नाही.

म्हणूनच गावातल्या जाणत्यांनी पोरांच्या पाठीवर थाप मारताना दोन प्रश्न जरूर विचारावेत. जिल्ह्याच्या निवड चाचणीला गेला होतास का? आणि बारावीचे काय? मातीत खेळणाऱ्या पोराला चटई मिळावी, दुखापतीवर वेळेत इलाज व्हावा आणि हाती एखादी पदवी असावी, एवढे झाले तर बोली लागो न लागो, त्याचा डाव फुकट जाणार नाही. चढाईला एकट्यानेच जावे लागते. पण परतून यायला घरची रेषा पक्की असावी लागते.