उशाला धरण, तरी घशाला कोरड. पुसदमध्ये असं का होतं?

पुसद तालुक्याच्या जवळ दोन मोठी धरणं आहेत. तरीही उन्हाळा आला की टेकड्यांवरच्या गावांत आणि तांड्यांत विहिरी तळ गाठतात. याचं उत्तर इथल्या जमिनीतच आहे.

दोन नद्या, दोन धरणं

वाशीमच्या डोंगराळ भागातून येणारी पूस नदी पुसद शहरातून वाहत पुढे पैनगंगेला मिळते. शहराच्या वरच्या बाजूला १९७१ मध्ये पूस धरण झालं. त्याचा उपयुक्त साठा सुमारे ९१ दशलक्ष घनमीटर आहे.

दक्षिणेला पैनगंगेवर, हिंगोलीच्या सीमेवर इसापूर धरण आहे. त्याचा उपयुक्त साठा ९६४ दशलक्ष घनमीटर, म्हणजे पूस धरणाच्या दहापटीहून जास्त. पैनगंगा ही विदर्भ आणि मराठवाड्यामधली सीमा. धरणाचा उजवा कालवा हिंगोली, नांदेडकडे जातो, तर डावा उमरखेडच्या दिशेने.

मग पाणी वर का येत नाही?

कालव्याचं पाणी उताराने वाहतं. धरण नदीच्या खोऱ्यात आणि तांडे टेकड्यांवर. तिथे पाणी न्यायचं तर पंपाने उचलावं लागतं आणि वीजबिलाचा भार येतो.

जमिनीखाली काय आहे?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेला काळा खडक, म्हणजे बेसॉल्ट. तो वाळूसारखं पाणी धरून ठेवत नाही. पाणी साचतं ते फक्त वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. त्यामुळे एका शेतात बोअरला पाणी लागतं आणि शेजारच्या शेतात नुसती धूळ उडते.

हाच खडक झिजून खोऱ्यात काळी कसदार माती तयार झाली. तिथे कापूस, सोयाबीन पिकतं. टेकड्यांवर मात्र मातीचा थर पातळ आहे. तिथे सागाचं जंगल टिकतं, शेती पावसाच्या भरवशावर राहते. याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला वणीत खडक बदलतो, म्हणून तिथे कोळसा सापडतो. पुसदची खरी संपत्ती माती, जंगल आणि पाणी हीच.

उपाय काय?

पाणी वर चढवण्यापेक्षा ते वरच अडवणं स्वस्त पडतं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर, बांध आणि झाडं असतील तर पाऊस धावत सुटत नाही, मुरमात जिरतो. पुसदचेच सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९९२ मध्ये राज्यात स्वतंत्र जलसंधारण खातं सुरू झालं, ते याच विचारातून.

धरण कितीही मोठं असलं, तरी टेकडीवरची विहीर भरते ती टेकडीवरच मुरलेल्या पावसाने.