'पंक'मधील अस्सलतेचा प्रश्न : वेश, वृत्ती आणि राजकारण

'अस्सल' हा निकष मराठी समीक्षेला नवा नाही. ग्रामीण आणि दलित साहित्याच्या चर्चेत अनुभवाच्या अस्सलतेचा आग्रह सातत्याने धरला गेला. तो धरताना 'कोण लिहितो' आणि 'काय लिहिले जाते' या दोन प्रश्नांची गल्लतही अनेकदा झाली. हाच निकष साहित्याबाहेरच्या, आपल्याहून सर्वस्वी भिन्न अशा एका क्षेत्रात कसा वापरला गेला हे पाहिले, तर त्याच्या मर्यादा अधिक स्पष्ट होतात. हे क्षेत्र म्हणजे १९७६ नंतर ब्रिटनमध्ये उदयास आलेली 'पंक' ही युवा-उपसंस्कृती. संगीत, पोशाख आणि वर्तन या तिन्हींतून तिने प्रस्थापिताला डिवचले. आणि जवळजवळ जन्मापासूनच 'खरा पंक कोण?' या वादाने ती ग्रासलेली राहिली. प्रस्तुत लेखात या वादाचे स्वरूप स्पष्ट करावयाचे आहे. पंकच्या संगीताची चिकित्सा येथे अभिप्रेत नाही.

प्रथम संज्ञेविषयी. 'पंक' हा शब्द शेक्सपिअरच्या 'मेझर फॉर मेझर' या नाटकात वेश्या या अर्थाने येतो. पुढे अमेरिकी बोलीत तो उनाड, भुरटा, कुचकामी अशा अर्थांनी रुळला. जानेवारी १९७६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये याच नावाचे एक नियतकालिक निघाले आणि शिवीवजा शब्दाचे बिरुद झाले. त्या बिरुदाला आज परिचित असलेला चेहरा मिळाला तो मात्र लंडनमध्ये. फाटके कपडे, सेफ्टी पिना, गळ्यात कुत्र्याचा पट्टा, ताठ उभे केलेले रंगीत केस हे ते दृश्य होय. सर्वसामान्य वाचकाच्या मनात पंक म्हणजे हेच दृश्य असते. म्हणून प्रारंभ वेशापासूनच करणे युक्त ठरेल.

लंडनमधील किंग्ज रोडवर ४३० क्रमांकाचे एक दुकान होते. माल्कम मॅक्लॅरन आणि व्हिव्हिएन वेस्टवुड हे दांपत्यवत राहणारे जोडपे ते चालवीत असे. १९७१ पासून त्या दुकानाची नावे आणि तेथील माल अनेकदा बदलला. १९७४ मध्ये त्याचे नाव 'सेक्स' झाले आणि पुढे 'सेडिशनरीज', म्हणजे राजद्रोही, असे ठेवण्यात आले. 'सेक्स पिस्टल्स' हा वाद्यवृंद याच दुकानाच्या आश्रयाने उभा राहिला. पंक वेशाचे 'मूळ' म्हणून बोट दाखविले जाते ते या जागेकडे. तथापि हे मूळ तपासू लागताच ते हातातून निसटते. फाटका शर्ट आणि त्याला लावलेल्या पिना मॅक्लॅरन यांनी न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड हेल या गायकाच्या अंगावर पाहिल्या होत्या. आता हेल यांच्याकडे वळावे, तर 'हेल' हेही घेतलेलेच नाव. त्यांचे सहकारी टॉम मिलर यांनी तर फ्रेंच प्रतीकवादी कवी पॉल व्हर्लेन याचे आडनाव धारण केले होते. म्हणजे पंकच्या उगमाशी आपल्याला रस्त्यावरचा बेकार तरुण भेटत नाही. भेटतो तो एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच कवितेचा वाचक! साहित्याच्या अभ्यासकाला यात गंमत वाटेल. पण यातून निष्पन्न होणारी गोष्ट गंभीर आहे. जेथे मूळच उसनवारीचे आहे, तेथे मुळाशी असलेली निष्ठा हा अस्सलतेचा निकष होऊ शकत नाही.

शिवाय ते दुकान हे अखेर दुकानच होते. तेथील कपडे महाग होते. ते विकत घेणे ज्यांना परवडत नव्हते, त्यांनी घरातल्याच शर्टाला कात्री लावली, पाठीवर रंगाने अक्षरे लिहिली, कचऱ्याच्या प्लास्टिक पिशव्या अंगात घातल्या. १९७७ मध्येच झँड्रा ऱ्होड्स या प्रतिष्ठित वेशरचनाकर्तीने रत्नजडित सेफ्टी पिनांचे पोशाख सादर केले. एकाच वर्षात एकच पीन तीन ठिकाणी दिसते : दुकानात, घरात आणि उच्चभ्रू वस्त्रप्रदर्शनात. पिनेकडे पाहून यातील अस्सल कोणती हे सांगता येत नाही. मात्र ती कोणी, कशासाठी आणि कशाच्या बळावर टोचली, हे विचारता येते. एक्स-रे स्पेक्स या वृंदाची गायिका पॉली स्टायरीन हिचे उदाहरण येथे बोलके आहे. वडील सोमाली, आई ब्रिटिश. दातांना सुधारणेची तार. अंगावर भडक रंगांचे, प्लास्टिकच्या युगाची थट्टा करणारे, स्वतःच जमविलेले कपडे. किंग्ज रोडच्या दुकानातील कातडी आणि साखळदंडांशी त्याचे साम्य जवळजवळ नाही. तरीही तिला 'कमी पंक' म्हणण्याचे धाडस कोणी केलेले नाही.

लायोनेल ट्रिलिंग यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सिन्सिअरिटी अँड ऑथेंटिसिटी' या ग्रंथात प्रामाणिकपणा आणि अस्सलता यांत भेद केला आहे. प्रामाणिकपणा इतरांशी सचोटीने वागण्यातून सिद्ध होतो. अस्सलता मात्र समाजाच्या संमतीला न जुमानता स्वतःशी एकनिष्ठ राहू पाहते. पंक वृत्ती या दुसऱ्या कल्पनेची टोकाची आवृत्ती होय, असे म्हणता येईल. पण तिच्यात एक भर आहे आणि ती माझ्या मते महत्त्वाची आहे. पंकने 'स्वतः असणे' यापेक्षा 'स्वतः करणे' यावर भर दिला.

मार्क पेरी या बँकेतील तरुण कारकुनाने जुलै १९७६ मध्ये 'स्निफिन ग्लू' नावाचे पत्र काढले. टंकलेखन यंत्र, जाड टोकाचे पेन आणि छायाप्रतीचे यंत्र एवढीच त्याची सामग्री. पहिल्या अंकाच्या प्रती पन्नासच्या आसपास होत्या. वर्षभरात खप हजारोंवर गेला, तेव्हा पेरीने ते बंद केले आणि वाचकांना आपापली पत्रे काढण्यास सांगितले. (साठच्या दशकातील मुंबईची चक्रमुद्रित लघुनियतकालिके ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना यातील ऊर्मी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. अर्थात हे साम्य आहे, प्रभाव नव्हे.) मँचेस्टरच्या बझकॉक्स या वृंदाने आप्तमित्रांकडून सुमारे ५०० पौंड उसने घेऊन जानेवारी १९७७ मध्ये 'स्पायरल स्क्रॅच' ही ध्वनिमुद्रिका स्वतःच काढली. पहिली आवृत्ती १००० प्रतींची होती. १९७८ मध्ये स्क्रिटी पोलिटी या वृंदाने तर आपल्या मुद्रिकेच्या वेष्टनावर ध्वनिमुद्रण, छपाई इत्यादींच्या खर्चाचा तपशीलच छापला. कलाकृतीच्या मुखपृष्ठावर जमाखर्च! एखाद्या कवितासंग्रहावर कागदाचा भाव आणि बांधणीची मजुरी छापावी, तसा हा प्रकार आहे. त्यामागील म्हणणे असे, की यात गूढ काही नाही. तुम्हीही करू शकता. कलावंताच्या वलयावर इतका साधा आणि परिणामकारक आघात मला अन्यत्र क्वचितच आढळला.

या भूमिकेतून 'विकले जाणे' हा पंकमधील सर्वांत मोठा अपराध ठरला. द क्लॅश या वृंदाने जानेवारी १९७७ मध्ये सीबीएस या बलाढ्य कंपनीशी १ लाख पौंडांचा करार केला, तेव्हा पेरीसह अनेकांना तो पंकचा अंत वाटला. हा निवाडा मला घाईचा वाटतो. कंपनीच्या वितरणाखेरीज तो आवाज आडगावच्या मुलापर्यंत पोहोचला नसता. आणि १९८० मधील तीन तबकड्यांच्या 'सँडिनिस्टा'ची किंमत कमी राहावी म्हणून याच वृंदाने आपल्या स्वामित्वधनाचा मोठा भाग सोडला. उलट बाजूने, क्रास या अराजकवादी गटाने करार नाकारला. त्यांनी वेष्टनावर 'यापेक्षा अधिक पैसे देऊ नका' अशा अर्थाची किंमत छापली आणि एसेक्समधील एका खेड्याबाहेरच्या घरात सामुदायिक जीवन पत्करले. आचरणाच्या कसोटीवर त्यांच्याइतका खरा गट दाखविणे कठीण. परंतु वेशाचे स्तोम नको म्हणून त्यांनी स्वीकारलेला काळा पोशाख त्यांच्या चाहत्यांचा गणवेश झाला, हेही नमूद केले पाहिजे.

येथवरचा वाद कलाव्यवहाराच्या कक्षेतला आहे. खरी कसोटी लागली ती अन्यत्र.

१९७६ मधील लंडनच्या पंक मंडळींपैकी काहींनी दंडावर वा शर्टावर नात्झी स्वस्तिक मिरविले. उंबरठ्यावर स्वस्तिक रेखणाऱ्या आपल्यासारख्या वाचकाने येथे क्षणभर थांबले पाहिजे. आपल्याकडील मंगलचिन्ह आणि हिटलरच्या पक्षाने १९२० मध्ये ध्वजावर घेतलेले चिन्ह यांचा आकार मिळताजुळता असला, तरी युरोपात त्या आकारावर साठ लाख ज्यूंच्या हत्येची स्मृती कोरलेली आहे. मग ते का मिरवावे? बर्मिंगहॅमच्या सांस्कृतिक अभ्यास केंद्रातून आलेले डिक हेब्डिज यांनी 'सबकल्चर : द मीनिंग ऑफ स्टाइल' (१९७९) या बहुचर्चित पुस्तकात याचे उत्तर दिले आहे. त्यांच्या प्रतिपादनाचा आशय असा, की पंकांनी हे चिन्ह त्याच्या अर्थासाठी धारण केलेच नाही. ते धक्का देते एवढ्यासाठीच धारण केले. चिन्ह आपल्या संकल्पनेपासून तोडले गेले आणि रिकामे झाले.

चिन्हमीमांसेच्या दृष्टीने हे विवेचन चतुर आहे. तथापि ते अपुरे आहे. धक्का बसतो याचाच अर्थ चिन्ह रिकामे झालेले नाही. ते रिकामे असते, तर कोणी वळूनही पाहिले नसते. धारण करणाऱ्याच्या लेखी अर्थ उरला नसेल; पाहणाऱ्याच्या लेखी तो पुरेपूर उरला होता, आणि धारण करणारा नेमक्या त्याच अर्थावर जगत होता. हेब्डिज यांनी हेतूला महत्त्व दिले, ग्रहणाला दिले नाही. त्या काळातही हे सर्वांच्या नजरेतून सुटले होते असे नाही. सप्टेंबर १९७६ मध्ये १०० क्लब या ठिकाणी झालेल्या पंक महोत्सवात सूझी सू या गायिकेच्या दंडावर ते चिन्ह होते, म्हणून क्लॅशचे व्यवस्थापक बर्नी ऱ्होड्स यांनी आपली वाद्यसामग्री तिच्या वृंदाला वापरू दिली नाही. ऱ्होड्स स्वतः ज्यू होते.

याच काळात ब्रिटनचे वातावरण तापले होते. जून १९७६ मध्ये साउथॉल या पंजाबीबहुल वस्तीत गुरदीप सिंग चग्गर या तरुणाची हत्या झाली. ऑगस्टमध्ये एरिक क्लॅप्टन या विख्यात गिटारवादकाने बर्मिंगहॅमच्या रंगमंचावरून स्थलांतरितांविरुद्ध गरळ ओकले. मे १९७७ मधील लंडनच्या स्थानिक निवडणुकीत वंशवादी नॅशनल फ्रंटला सुमारे १ लाख १९ हजार मते पडली. अशा वेळी 'मी फक्त धक्का देतो' हे विधान तटस्थ राहू शकत नाही. क्लॅप्टनच्या उद्गारांची प्रतिक्रिया म्हणून स्थापन झालेल्या 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' या चळवळीने पंकला निवड करावयास लावली. ३० एप्रिल १९७८ रोजी ट्रफाल्गर चौकापासून पूर्व लंडनमधील व्हिक्टोरिया पार्कपर्यंत मोर्चा निघाला. त्यानंतरच्या मैफलीला सुमारे ८० हजार लोक आले असावेत, असा अंदाज आहे. तेथे क्लॅश होता, पॉली स्टायरीन होती, आणि बर्मिंगहॅमचा कृष्णवर्णीय रेगे वृंद स्टील पल्सही होता. सूझी सू हिने त्याच वर्षी आपल्या पहिल्या संग्रहातील एक गीत जॉन हार्टफील्ड या नात्झीविरोधी चित्रकाराच्या स्मरणार्थ रचले. हे प्रायश्चित्त होते की काय, हे ठरविण्याचे कारण नाही. चिन्हाच्या परिणामाला तिला उत्तर द्यावे लागले, एवढे मात्र खरे.

सर्वांनीच उत्तर दिले असे नाही. आणि काहींचे उत्तर वेगळे होते. स्क्रूड्रायव्हर हा लँकेशायरमधील वृंद १९७६ च्या सुमारास चारचौघांसारखा पंक म्हणूनच सुरू झाला. ऐंशीच्या दशकात तो उघडपणे नवनात्झी झाला. तोच वेग, तेच मोजके स्वर. वेश आणि ध्वनी यांत अस्सलता असती, तर हा वृंदही अस्सल ठरला असता. १९८१ मध्ये डेड केनेडीज या कॅलिफोर्नियाच्या वृंदाने नात्झी पंकांना हाकलून देणारे गीत काढले, ते याच पेचातून. वेश आणि ध्वनी सारखेच असताना घरातला कोण आणि बाहेरचा कोण, हे राजकीय भूमिकेवरूनच ठरवावे लागले.

३ जुलै १९८१ रोजी साउथॉलमधील हॅम्बरो टॅव्हर्न या मद्यगृहात पंकच्याच 'ऑय' नामक शाखेची मैफल ठरली होती. बाहेरून बसगाड्यांतून आलेल्या मुंडणधारी प्रेक्षकांपैकी काहींनी आशियाई दुकानांची नासधूस केली, अशी स्थानिकांची तक्रार होती. संतप्त आशियाई तरुणांनी ते मद्यगृह जाळले. आपण वंशवादी नाही, असे वादकांनी नंतर सांगितले. ते खरेही असेल. पण त्या वस्तीत चग्गरची हत्या झाली होती. त्याच वस्तीत एप्रिल १९७९ मध्ये निदर्शनाच्या वेळी ब्लेअर पीच हा शिक्षक प्राणास मुकला होता. हेतू शुद्ध असल्याचा दावा तेथे कितपत ऐकू जाणार?

आणि तरी पंक हे केवळ गोऱ्यांचे आहे असे त्याच काळातील सर्व आशियाई तरुणांना वाटत नव्हते. १९७९ मध्ये दक्षिण लंडनमध्ये पाकिस्तानी वंशाच्या तिघा तरुणांनी एका गोऱ्या मित्रासह 'एलियन कल्चर' हा पंक वृंद स्थापन केला. जानेवारी १९७८ मध्ये मार्गारेट थॅचर यांनी दूरचित्रवाणीवर, परक्या संस्कृतीच्या लोकांनी देश बुडून जाईल अशी भीती लोकांना वाटते, असे उद्गार काढले होते. त्या उद्गारांवरून या तरुणांनी आपल्या वृंदाचे नाव घडविले. म्हणजे न्यूयॉर्कच्या नियतकालिकाने 'पंक' या शिवीचे जे केले, तेच यांनी 'परके' या विशेषणाचे केले. आशियाई तरुणाच्या दुहेरी कोंडीवरील त्यांची एकमेव मुद्रिका १९८० मध्ये 'रॉक अगेन्स्ट रेसिझम'च्या नाममुद्रेखाली निघाली. पुढच्या वर्षी वृंद विसर्जित झाला.

२०१६ मध्ये लंडनने पंकची चाळिशी थाटात साजरी केली; ब्रिटिश लायब्ररीने प्रदर्शन मांडले. वेस्टवुड आणि मॅक्लॅरन यांचा पुत्र जो कोरे याने निषेधार्थ २६ नोव्हेंबरला थेम्स नदीत एका नौकेवर आपला पंक वस्तूंचा संग्रह जाळला. त्याचे मोल ५० लाख पौंड असल्याचे तो सांगत होता. अस्सल वस्तूंची अस्सल मार्गाने विल्हेवाट लावण्याचा तो प्रयत्न होता. ते पैसे गरजूंना द्यावयाचे होते, अशी टीकाही झाली. दोन्ही पक्ष वाद घालत होते तो दुकानातील वस्तूंविषयी. दक्षिण लंडनच्या त्या चौघांची मुद्रिका त्या आगीत असण्याचा संभव फार कमी.