नाईलचा धबधबा, तिकडचा ऊस आणि आपल्या फडातला बिबट्या
(शेतकी विभागाकडून)



हंगाम आटोपला की शेतकी विभागातर्फे अभ्यास सहल निघते, हे आपणास ठाऊक आहेच. बहुतेक वेळा पाडेगाव, नाहीतर मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, येताना एखादे देवस्थान, असा तो ठरलेला रस्ता असतो. या वेळी मात्र आपल्यापैकी काही सभासदांनी स्वखर्चाने युगांडा पाहून यायचे ठरविले आणि आम्हालाही बरोबर घेतले. परत आल्यापासून गट ऑफिसला आणि काट्यावर एकच प्रश्न विचारला जातोय, "साहेब, ऊस बघायला गेला होता का वाघ?" तर आफ्रिकेत वाघ नाही, हे आधी सांगून टाकतो. सिंह आहे, बिबट्या आहे, हत्ती आहे. आणि ऊसही आहे. म्हणूनच हा लेख.

युगांडा हा विषुववृत्तावरचा देश. आपल्यापेक्षा घड्याळ अडीच तास मागे. विमान एन्टेबेला उतरते, तेथून कंपाला ही राजधानी सुमारे चाळीस कि.मी. वाहने आपल्यासारखी डाव्या बाजूने चालतात. माती तांबडी, महाबळेश्वर-कोकणाची आठवण करून देणारी, आणि जिकडे नजर टाकावी तिकडे केळी. पिकलेली नव्हे, हिरवी उकडून खायची. आमच्यातल्या तात्यांनी पहिल्या दिवशी तिला बटाट्याची भाजी म्हणून खाल्ले आणि शेवटपर्यंत तेच नाव ठेवले.

सहल तीन दिवसांची होती. एक गाडी, एक वाटाड्या-ड्रायव्हर, मुक्काम-जेवण त्यांचे. कंपालाहून पहाटे निघून उत्तरेला गुलूच्या रस्त्याने लागायचे. वाटेत झिवा म्हणून गेंड्यांचे राखीव रान आहे, तेथे पहिला थांबा. युगांडातले गेंडे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीस शिकारीने पार संपले होते, एकही उरला नाही. मग २००५ पासून केनियातून चार आणि अमेरिकेतल्या फ्लोरिडातून दोन, असे बाहेरून बियाणे आणल्यागत गेंडे आणून येथे वाढविले. २००९ साली पहिले पिल्लू झाले. बाप केनियाचा, आई अमेरिकेची, म्हणून त्याचे नाव ओबामा ठेवले. आता आकडा चाळीसच्या पुढे आहे. येथे पायी जावे लागते, पुढे रेंजर, मागे आपण एका ओळीत. "बोलू नका, झाडाआड राहा," एवढीच सूचना. वीस-पंचवीस पावलांवर दीड-दोन टनाचे जनावर गवत खात होते, त्याने मान वर करूनही पाहिले नाही. प्रत्येक कळपामागे रात्रंदिवस राखणदार असतात. बियाणे प्लॉटची राखण करायला माणूस मिळत नाही म्हणून आपण कुरकुरतो, तेव्हा ही गोष्ट आठवावी.

पुढे काफू नदी ओलांडून डावीकडे मसिंडी. या गावाच्या पश्चिमेला किन्यारा साखर कारखाना आहे आणि भोवताली ऊस. वाटाड्याला आम्ही गाडी थांबवायला लावली. त्याने बापड्याने सिंह दाखवायचे पैसे घेतले होते, आणि ही मंडळी पाचटात उतरून कांडी मोजायला लागलेली पाहून तो चकितच झाला.

युगांडाच्या साखरेचा इतिहास आपल्या सभासदांनी ऐकण्याजोगा आहे. पोरबंदरकडच्या नानजी कालिदास मेहता यांनी १९२४ साली लुगाझीला कारखाना काढला, आणि मुळजीभाई माधवानी यांनी १९३०च्या सुमारास जिंजाजवळ काकिराला. दोघेही गुजराथी. १९७२ साली इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला. कारखाने सरकारकडे गेले आणि साखर जवळजवळ बंदच पडली. बेणं नाही, सुटे भाग नाहीत, जाणती माणसं नाहीत. चालू कारखाना बसायला किती थोडा काळ लागतो, ते यावरून दिसते. १९८०च्या दशकात जुन्या मालकांना परत बोलावणे गेले, तेव्हा गाडी हळूहळू रुळावर आली.

पूर्व आफ्रिकेत कोइमतूरच्या को ४२१, को ९४५ अशा जाती वर्षानुवर्षे चालल्या. आपल्याकडच्या को ४१९ आणि को ७४० ची ती भावंडेच म्हणायची. ऊस बहुतांशी पावसावर, पाट नाही, मोटर नाही, आणि तोडीला दीड वर्ष लागते. म्हणजे आपली आडसालीच. पण मोठा फरक असा की कारखाना शेतकऱ्याच्या मालकीचा नाही. कारखान्याची स्वतःची हजारो एकर जमीन असते आणि भोवतालचे शेतकरी करार करून ऊस घालतात. भागभांडवल नाही, वार्षिक सभा नाही, संचालकाला उभे करून जाब विचारणे नाही. आपल्या सभेत होणाऱ्या गोंधळाला नावे ठेवणाऱ्यांनी तिकडच्या उसाच्या बांधावर अर्धा तास उभे राहून यावे. प्रवरानगरला १९५० साली जे सुरू झाले त्याची किंमत घरी बसून कळत नाही.

मसिंडीच्या पुढे बुडोंगोचे जंगल लागते. महोगनीची उंच झाडे, आणि त्यात चिंपांझी. या माकडांना ऊस फार आवडतो. जंगलाला लागून ऊस आला की ती फडात उतरतात, उभा ऊस मोडून चोखत बसतात. शेतकरी चिडतो, फास लावतो, त्यात चिंपांझीचा हात-पाय जायबंदी होतो. होइमाकडे बुगोमा नावाचे दुसरे जंगल आहे, तेथे उसासाठी झाडे तोडण्यावरून २०१६ पासून कोर्टकचेऱ्या झाल्या. म्हणजे ऊस आणि रान यांची हद्द कोठे असावी, हे भांडण तिकडेही आहेच.

आता धबधबा. मर्चिसन फॉल्स नॅशनल पार्क हे १९५२ साली झालेले, सुमारे ३,८०० चौ. कि.मी.चे रान, युगांडातले सर्वांत मोठे. मधून नाईल वाहते. व्हिक्टोरिया सरोवरातून जिंजाला निघालेली ही नदी क्योगा सरोवर, करुमा असे करीत येथे येते आणि एका खडकाच्या फटीत शिरते. फट किती, तर अवघी सात मीटर. आपल्या तीन ट्रॉल्या शेजारी शेजारी कशाबशा जातील एवढी! त्यातून सरासरी सेकंदाला ३०० घनमीटर पाणी जाते असा आकडा सांगतात. धरणाच्या भाषेत दहा हजार क्युसेकच्या पुढे. आपल्या कॅनॉलला आवर्तन सुटले की त्यावर किती जण टपून असतात, आणि येथे एवढे पाणी एका दरवाज्यातून, कोणाचाही पाळीपत्रकात नंबर न लागता चालले आहे! खाली ४३ मीटर पडते. विहिरीच्या मापाने चोवीस-पंचवीस परस. वर उभे राहिले की पायाखालचा खडक थरथरतो, तुषारांनी अंगरखा भिजतो आणि शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. तात्या बराच वेळ हात जोडून उभे होते. १८६४ साली सॅम्युएल बेकर या इंग्रजाने हा धबधबा पाहून लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या अध्यक्षाचे नाव त्याला दिले. अमीनच्या काळात ते बदलून बुन्योरोचा राजा कबालेगा याचे नाव दिले होते, पण पुढे जुनेच चालू राहिले. १९६२च्या पुरात शेजारी आणखी एक वाट फुटली. त्याच वर्षी देश स्वतंत्र झाला म्हणून तिला उहुरू, म्हणजे स्वातंत्र्य, असे नाव पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर काठावर गाडीतून फेरी. पूर्वी पारा येथे तराफ्याने नदी ओलांडावी लागे, आता पूल झाला आहे. जिराफ, गवे, कोब जातीची हरणे (हे हरीण त्यांच्या राजमुद्रेवर आहे) यांचे कळप मोजता येत नाहीत. दुपारी लाँचमधून नदीत वरच्या बाजूस धबधब्याकडे जातात. काठाला पाणघोडे म्हशींसारखे डुंबत असतात आणि वाळूवर मगरी तोंड उघडून पडलेल्या. लाँच धबधब्याच्या अलीकडेच थांबते, ओढ फार. एक मात्र सांगितले पाहिजे, गाडीत त्से-त्से माशी शिरते. चावली की गांधीलमाशीसारखे वाटते. गुरांना ती रोग देते, म्हणून रानाच्या आसपास गुरे ठेवणे कठीण. तिच्यासाठी झाडांना निळ्या-काळ्या कापडाचे सापळे टांगलेले दिसतात. हुमणीसाठी आपण प्रकाश सापळा लावतो, त्यातलाच प्रकार. निळे-काळे कपडे घालून जाऊ नये, ती त्यावरच येते.

हे सगळे पाहून झाले, पण आमच्या मनात राहिले ते वेगळेच. या रानात १९७०च्या सुमारास हत्ती हजारोंच्या घरात होते. राजवटी उलटल्या, सैनिकांच्या हाती बंदुका आल्या, आणि काही वर्षांत ते काही शेकड्यांवर आले. आता पुन्हा वाढले आहेत. हत्ती वाढले की काठावरच्या शेतकऱ्याचा मका, कसावा, ऊस जाणार हे ओघानेच आले. त्यावर खंदक खणतात, बांधावर मिरची लावतात, मधमाश्यांच्या पेट्या तारेला टांगतात. आणि कायद्याने, पार्कच्या दारावर जमणाऱ्या प्रवेश फीचा वीस टक्के भाग लगतच्या गावांना द्यावा लागतो. आम्ही विचारले, पोहोचतो का? वाटाड्या हसला. म्हणाला, "पोहोचतो, पण वाटेत त्याला बरीच गावे लागतात." हे ऐकून आमचे सभासद इतके हसले की त्याला वाटले आपण काही भलतेच बोललो.

तरी तत्त्व पाहा. तेथे सिंहाकडे पाहायला परदेशी माणूस पैसे मोजतो, त्यातला काही हिस्सा ज्याचे नुकसान झाले त्याच्याकडे वळतो. आपल्याकडे उसातला बिबट्या पाहायला कोण येणार? जुन्नर, शिरूर, संगमनेर, निफाड पट्ट्यात बिबट्याच्या कैक पिढ्या उसातच जन्मल्या. वर्षभर न हललेले दाट पीक, पाणी, वस्तीवरची कुत्री, शेळ्या. त्याला आणखी काय हवे? त्याचे उत्पन्न कोणालाच नाही, खर्च मात्र वस्तीवर राहणाऱ्यावर आणि सर्वांत जास्त तोडणी कामगारांच्या लेकरांवर. नुकसानभरपाई मिळते, पण गेलेले मूल त्याने परत येत नाही. आमचे मत असे की आपण कारखान्यांनी यात हात झटकून चालणार नाही, कारण फड आपला, टोळी आपण आणलेली आणि तोडीचा प्रोग्रॅमही आपलाच.

म्हणून येत्या हंगामासाठी शेतकी विभागाने काही गोष्टी ठरविल्या आहेत. ज्या गटात बिबट्याचा वावर आहे तेथील चिटबॉयने तोड देण्यापूर्वी मालकाशी बोलून तशी नोंद करावी. फड चारी बाजूंनी घेरत तोडू नये. एका बाजूने सुरुवात करून पलीकडची, ओढ्याची किंवा दुसऱ्या उसाची बाजू मोकळी ठेवावी, म्हणजे जनावराला निघून जायला वाट राहते. पिल्ले सापडली तर ती उचलू नयेत, मोबाईलवर फोटो काढायला गर्दी करू नये. तेवढ्या सऱ्या सोडून काम थांबवावे आणि वनखात्याला कळवावे. आई बहुधा रात्री येऊन पिल्ले नेते. नाही मिळाली तर ती चवताळते आणि त्याचा भोग शेजारच्या वस्तीला भोगावा लागतो. टोळीच्या कोप्या उभ्या उसाला लागून घालू नयेत, मुलांना संध्याकाळी एकटे पाण्याला किंवा परसाकडे पाठवू नये. कोपीपाशी रात्रभर उजेड हवा, त्याची जबाबदारी मुकादमाएवढीच फडाच्या मालकाचीही धरली जाईल.

आणि रानडुकरासाठी फासकी लावणे, तारेत वीज सोडणे बंद करा. युगांडात तारेच्या फाशांनी सिंह लंगडे झाले. रेंजर रान विंचरून फासांचे ढीग गोळा करतात, ते आम्ही पाहिले. आपल्याकडे त्या तारेने डुकराबरोबर बिबट्या मरतो आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारीही मरतो. गुन्हा तर दाखल होतोच.

त्या पार्कमध्ये आता तेलही लागले आहे. २०२३ पासून रानाच्या आतच विहिरी खोदल्या जात आहेत आणि मसिंडीहून आत जाणारा चकचकीत डांबरी रस्ता त्याचीच देणगी. रस्त्याचे सुख आम्हीही घेतलेच. पण पहिल्या दिवशी गेंड्यांमागची ती राखण पाहिलेली असल्यामुळे दिव्यांचे खांब पाहून कोणी फारसे बोलले नाही.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती. पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि पिवळे कार्ड जपून ठेवावे. ते नसेल तर परत आल्यावर आपल्याच विमानतळावर अडवून ठेवतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. व्हिसा घरबसल्या कॉम्प्युटरवर काढता येतो. कोरडा आणि सर्वांत चांगला काळ डिसेंबर ते फेब्रुवारी, पण तेव्हा आपले गळीत ऐन भरात असते. मार्च ते मे तिकडे पाऊस. तेव्हा जूनचा उत्तरार्ध, आडसाली लागणीच्या आधी, एवढीच फट आपल्याला सापडते. खर्च ढोबळमानाने एकरभर उसाच्या बिलाच्या आसपास जातो. कर्ज काढून जाऊ नये. शाकाहारी मंडळींनी चिवडा, चटणी, भाकरीचा भुगा बरोबर न्यावा. कंपालात गुजराथी जेवण मिळते, रानात मिळेलच असे नाही. आमच्याकडचे फोटो गट ऑफिसला ठेवले आहेत. पाहून झाल्यावर जागेवर ठेवावेत, गेंड्याचे दोन आत्ताच कमी भरत आहेत.