अक्षरें कां बिघडतात?

शाळेच्या संकेतस्थळासाठीं एका मुलीनें लिहिलेला निबंध एकदां मीं संगणकावर दुरुस्त करून जतन केला. पुन्हां उघडून पाहतों तों अक्षरांच्या जागीं केवळ प्रश्नचिन्हें! दुसरी प्रत नव्हती; निबंध गेला तो गेलाच. असें कां व्हावें?

संगणकास अक्षरें ठाऊक नसतात, अंकच कळतात. कोणत्या अक्षराचा कोणता अंक, हें संकेतानें ठरतें. १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘युनिकोड’ संकेतांत ‘क’चा अंक २३२५ आहे. ‘यूटीएफ-८’ पद्धतीनें तो २२४, १६४, १४९ अशा तीन अंकांत सांठवितात. पाश्चात्य भाषांसाठीं केलेल्या ‘विंडोज-१२५२’ ह्या जुन्या संकेतानें तेच अंक वाचले, तर ‘क’ऐवजीं माथ्यावर रेघ असलेलें रोमन अक्षर, एक चलनचिन्ह व एक ठिपका दिसतो. येथें हानि झालेली नसते. योग्य संकेतानें वाचतांच ‘क’ परत येतो.

परंतु जतन करतांनाच तो जुना संकेत निवडला, तर गोष्ट निराळी. त्यांत देवनागरीस स्थानच नाहीं. म्हणून सॉफ्टवेअर बहुधा प्रत्येक अक्षराबद्दल ६३ हा अंक, म्हणजे प्रश्नचिन्ह, लिहून टाकतें. मूळ अंक उरतच नाहींत. माझ्या हातून हेंच घडलें होतें.

यास्तव फाइल यूटीएफ-८ मध्यें जतन करावी व पानाच्या आरंभीं तोच संकेत नमूद करावा. अक्षरें विचित्र दिसल्यास मात्र घाईनें जतन न करतां फाइल तशीच बंद करावी.

त्या मुलीनें निबंध न कुरकुरतां पुन्हां लिहिला. मूळ प्रत जपून ठेवण्याचा धडा मात्र तिच्या शिक्षकानें घेतला.